प्रति: हातापायांचे स्नायू पाठच होत नाहीत

नुसती नावं घोकून चार दिवसांत सगळं पुसलं जातं असं तुम्ही लिहिलंय, माझंही पहिल्या वर्षी अगदी तेच झालं होतं. हाडांचं गणित सोपं आहे: एका हातात 30, एका पायात 30. मनगटात 8, घोट्याच्या भागात मात्र 7, आणि गुडघ्याची वाटी धरून पायाची बेरीज जुळते. खरा घोळ स्नायूंचा.

मला ते कोल्हापूरच्या तालमीत समजले. चुलतभाऊ बैठका मारायचा, मी त्याच्या मांडीवर हात ठेवून बसायचे. खाली जाताना मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स ताणला जात असतानाही काम करतो, वर येताना आखडतो, हे हाताला कळतं. जोर मारताना दंडाच्या मागचा ट्रायसेप्स बघा.

दंडाच्या पुढचा बायसेप्स फक्त कोपर वाकवतो असं समजू नका. कोपर काटकोनात ठेवा, दुसऱ्या हाताची बोटं दंडावर ठेवा आणि तळवा आकाशाकडे फिरवा. लगेच टरारून वर येतो. उजव्या हातानं स्क्रू घट्ट पिळताना हाच कामाला येतो.

स्नायू हाडावर कुठून सुरू होतो आणि कुठे जाऊन चिकटतो, म्हणजे उगम आणि जोड, आधी स्वतःच्या अंगावर पेनानं काढा, मग पुस्तक उघडा.