माहितीपत्रकात ‘करते’ लिहावे की ‘करेल’?

प्रश्न – मोसंबीवाला, जालना

आम्ही तिघे मित्र मोसंबीच्या बागांसाठी जमिनीतील ओलावा मोजणारे उपकरण तयार करतो. सध्या ते १४ बागांत बसवलेले आहे. ओलावा ठरावीक मर्यादेखाली गेला की मोबाइलवर संदेश येतो, एवढेच त्याचे काम आहे. पुढच्या आठवड्यात किती पाणी लागेल याचा अंदाज सांगणारा भाग अजून व्हायचा आहे. तरीही गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात आमच्या सल्लागारांनी ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सिंचन-व्यासपीठ’ असे लिहिले. तेच सादरीकरण अंबड तालुक्यातील एका शेतकरी गटापुढे केले, तेव्हा मागे बसलेल्या काकांनी शांतपणे विचारले, “ते समदं ठीक हाय, पण मोटार कवा बंद करायची ते सांगतंय का?” दोघांसाठी दोन वेगळी माहितीपत्रके काढावीत का?

उत्तर – शेंद्रेकर, छत्रपती संभाजीनगर

पत्रके दोन काढा, पण दोन्हींतील क्रियापदे एकच ठेवा. नव्या तंत्रज्ञानाचा उद्योजक अर्धवट तयार असलेली वस्तू विकत असतो, त्यामुळे त्याची भाषा थोडी पुढे धावणारच. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या शब्दाचे मूळ इंग्रजी रूपसुद्धा १९५५ मध्ये जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे निधी मागण्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावातून पुढे आले. म्हणजे शब्द भारदस्त असण्यावर माझा आक्षेप नाही. घोळ होतो तो ‘करेल’च्या जागी ‘करते’ लिहिल्यावर. अमेरिकेतील थेरानोस कंपनीने रक्ताच्या काही थेंबांवर असंख्य चाचण्या आपले यंत्र करते असे सांगितले, प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याच चाचण्या इतर कंपन्यांच्या यंत्रांवर होत होत्या. संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले. आपला अंदाजाचा भाग व्हायचा आहे, तर तसेच लिहा. जाणकार गुंतवणूकदार पहिल्या बैठकीतच तो चालवून दाखवायला सांगतो.

उत्तर – काळी माती, परभणी

मी शेतकरी म्हणून लिहितो. २०१५ आणि २०१९ मध्ये मराठवाड्यात विमानाने ढगांवर फवारणीचे प्रयोग झाले. त्याला ‘कृत्रिम पाऊस’ हे नाव पडल्यामुळे आमच्या गावात अनेकांची समजूत झाली की विमान आले म्हणजे पाऊस आला. वास्तविक आभाळात योग्य ढग नसतील, तर त्या फवारणीने काहीच होत नाही. ‘मेघबीजन’ म्हटले असते तर निदान ढग लागतात हे शब्दातच आले असते.

तुमच्यासारखेच एका कंपनीचे उपकरण मी घेतले होते. पत्रकावर ‘अचूक’ हा शब्द चार वेळा होता. एप्रिलमध्ये रान भेगाळले, दांडीभोवती बोटभर फट पडली आणि शेजारचे ढेकूळ फोडल्यावर आत ओल दिसत असतानाही मोबाइलवर आकडा जवळजवळ शून्य. भारी काळ्या जमिनीत भेगा पडल्यावर दांडी पुन्हा नीट दाबून बसवावी लागते, ही एक ओळ पत्रकात असती तर मी ते उपकरण खोक्यात टाकले नसते. आणि ‘व्यासपीठ’ म्हटले की आमच्याकडे हार-तुरे आठवतात, तो शब्द तेवढा काढा.

मोसंबीवाला, जालना

दोघांचे आभार. भेगांचा त्रास आमच्याही ३ बागांत झाला होता, तो आम्ही पत्रकातून वगळला होता, हे कबूल करतो. दोन्ही पत्रकांची पहिली ओळ आता अशी केली आहे: “हे उपकरण मुळांजवळचा ओलावा मोजते आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की संदेश पाठवते, मोटार कधी बंद करायची हे मात्र तुम्हालाच ठरवावे लागते.” सल्लागार नाराज आहेत.