मदत हवी आहे: ‘दिमायुगा’ आडनावाचा माग कसा काढायचा?

माझी वहिनी फिलिपीन्समधल्या बातांगास प्रांतातली, माहेरचं आडनाव दिमायुगा. पुतण्यांसाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ करतोय. आमच्या बाजूला त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्यांनी बरंच भागलं, तिच्या बाजूला १८४९ पाशी अडलोय.

त्या वर्षी स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरिया यांनी फर्मान काढून सुमारे ६१ हजार आडनावांची यादी प्रांतोप्रांती वाटली. लोकांनी त्यातून आडनाव घ्यायचं होतं आणि गावांना अक्षरक्रमाने लावलेल्या यादीची ठरावीक पानं मिळाली, त्यामुळे काही गावांत सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. (सरकारी खाक्या, दुसरं काय!) चार पिढ्या एकच आडनाव लावणाऱ्यांना मात्र ते ठेवायची मुभा होती. यादीत स्थानिक भाषांतले शब्दही होते, त्यामुळे दिमायुगा हे तागालोग या तिथल्या भाषेतलं नाव आहे एवढ्यावरून ते जुनं ठरत नाही. ‘दिमा’ने सुरू होणारी आडनावं बातांगासमध्ये बरीच दिसतात, दिमाकुलांगान हे त्यातलंच.

१८४९ आधीच्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी कुणी पाहिल्या आहेत का? फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर शोधताना गावाच्या नावाने जावं की चर्चच्या? आणि मनिलाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला इथून पत्र लिहून उत्तर येतं का? गोव्याच्या पोर्तुगीज चर्चनोंदी चाळलेल्यांनी तर नक्की सांगा, तिरकं जुनं हस्ताक्षर वाचायला कसं शिकलात?