वृद्धनिवास निवडताना सुरक्षिततेचे नेमके कोणते निकष पाहावेत?

अनघा_कोथरूड

नमस्कार. माझी आई 81 वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. गेल्या दिवाळीपासून तिचा विसराळूपणा वाढत गेला असून ही डिमेन्शियाची सुरुवात असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरी ब्युरोकडून दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या मावशी येतात, परंतु आठ महिन्यांत सात जणी बदलल्या आणि प्रत्येक नव्या चेहऱ्यागणिक आई अधिक बावरते. म्हणून मी व माझ्या भावाने, बऱ्याच रडारडीनंतर, तिला चांगल्या निवासी केंद्रात ठेवण्याचा विचार सुरू केला आहे.

पुण्यात आणि पुण्याच्या आसपास तीन ठिकाणे पाहिली. तिन्ही ठिकाणी बाग, देवघर, भजनाचा हॉल आणि आठवड्याचा मेनू हौसेने दाखवण्यात आला. मी परवाना विचारला तेव्हा मात्र तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. पहिल्यांनी धर्मादाय आयुक्तांकडील न्यासाचे नोंदणीपत्र पुढे केले आणि दुसऱ्यांनी शॉप ॲक्टचा दाखला दाखवला. तिसऱ्या ठिकाणचे व्यवस्थापक काहीशा त्रासिक स्वरात म्हणाले, "वृद्धाश्रमाचा असा वेगळा परवाना नसतो, मॅडम." यांपैकी खरे काय? आणि परवाना नसेल, तर माझ्यासारख्या सामान्य माणसाने दर्जा कशावरून ओळखायचा?

निवृत्त_विश्वस्त

अनघाताई, सातारा जिल्ह्यातील एका छोट्या वृद्धाश्रमाचा विश्वस्त म्हणून मी 14 वर्षे काम केले आहे. त्या आधारावर सांगतो की तिसरे गृहस्थ बोलण्यात उद्धट असतील, पण सत्याच्या सर्वांत जवळ तेच होते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा 2007 साली झाला. त्याच्या कलम 19 मध्ये राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारावा असे म्हटले आहे आणि नमुना नियमांत त्या वृद्धाश्रमांसाठी माणशी शयनकक्षाचे क्षेत्र 7.5 चौरस मीटर असावे अशा स्वरूपाचे निकषही आहेत. मात्र हे सारे निराधारांसाठीच्या वृद्धाश्रमांना उद्देशून आहे. दरमहा शुल्क घेणाऱ्या खासगी केंद्राने कोणाकडून परवाना घ्यावा, त्याची तपासणी कोणी आणि किती महिन्यांनी करावी, याबद्दल तो कायदा काही सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले होते. त्यात अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती, परंतु ते मंजूर झाले नाही. त्याच वर्षी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती मुख्यतः बांधकाम व्यावसायिकांसाठी आहेत आणि नावाप्रमाणेच मार्गदर्शक आहेत.

तुम्हाला दाखवलेली दोन कागदपत्रे खोटी नाहीत, पण त्यांचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही. न्यासाच्या नोंदणीवरून हिशेब कोणाला सादर होतो ते कळते आणि शॉप ॲक्टचा विषय कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास व सुट्ट्या हा आहे. तुमच्या आईला रात्री दोन वाजता स्वच्छतागृहात कोण नेणार, हे या दोन्हींत कुठेही लिहिलेले नसते.

आपल्याकडे परवाने तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले आहेत, म्हणून तुकडेच मागावे लागतात. स्वयंपाकघराला अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना लागतो. सलाइन, नळीतून आहार, ऑक्सिजन अशी शुश्रूषा तेथे होत असेल, तर 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा प्रश्न येतो. "आमच्याकडे आयसीयूसारखी सोय आहे" अशी जाहिरात करणाऱ्याला ही नोंदणी अवश्य विचारावी. डिमेन्शियासाठी स्वतंत्र विभाग चालवणाऱ्यांना 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही पाहावा लागतो, कारण त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांतील गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे. व्यवहारात फार थोडी केंद्रे या अंगाने विचार करतात, हे मी खेदाने नमूद करतो.

सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र आगीसंबंधीचा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून, ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत द्यायचे असते. अग्निशमन दलाचे जुने ना हरकत प्रमाणपत्र भिंतीवर लटकलेले असते, ते पाहून समाधान मानू नये. शेवटच्या सहामाहीचे प्रमाणपत्र मागावे. दुसरी गोष्ट अशी की राष्ट्रीय बांधकाम संहितेत वृद्ध आणि दुर्बल व्यक्तींच्या निवासांची गणना राहत्या घरांत होत नाही, ती संस्थात्मक इमारतींत होते. आपल्याकडची अनेक केंद्रे मात्र भाड्याच्या बंगल्यात किंवा गृहसंकुलाच्या दोन मजल्यांवर चालतात. तेथे जिना एकच असतो, खिडक्यांना पक्के ग्रिल असते आणि चोरांच्या भीतीने रात्री मागच्या दाराला कुलूप लावलेले असते. 1 जानेवारी 2023 रोजी पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील ज्येष्ठांच्या केंद्राला आग लागून दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. तो भाग दिल्लीतील संपन्न वस्तीचा आहे, म्हणजे महागडे शुल्क हे सुरक्षिततेचे प्रमाण ठरत नाही. ज्याला अंथरुणातून स्वतः उठता येत नाही, त्याच्या बाबतीत "धोक्याची घंटा वाजली की बाहेर पडा" ही सूचना निरर्थक आहे. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशांना तळमजल्यावर ठेवले आहे का आणि शेवटची रंगीत तालीम रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनी केली होती का, हे दोन प्रश्न विचारावेत.

प्रमिला_लीड्स

मी मूळची नाशिकची असून इंग्लंडमध्ये ज्येष्ठांच्या निवासगृहात परिचारिका म्हणून काम करते. येथे केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था प्रत्येक निवासगृहाची नोंदणी आणि तपासणी करते, चार श्रेणींपैकी एक श्रेणी देते आणि ती श्रेणी दर्शनी भागात लावणे निवासगृहाला कायद्याने बंधनकारक आहे. तरीही श्रेणीवर डोळे मिटून विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. तपासणीनंतर चांगला व्यवस्थापक सोडून गेला की सहा महिन्यांत घडी विस्कटलेली मी पाहिली आहे. तपासनीस आल्यावर आमच्याकडे काय उघडून पाहतात, ते सांगते, कारण ते पाहायला अनघाताईंना कोणाची परवानगी लागणार नाही.

पहिली वस्तू म्हणजे औषधांचा तक्ता. प्रत्येक गोळीपुढे वेळ आणि देणाऱ्याची सही असते. सकाळी दहा वाजता रात्रीच्या गोळ्यांच्या रकान्यातही सह्या झालेल्या दिसल्या, तर त्या तक्त्याला काही अर्थ उरत नाही. झोपेच्या किंवा शांत ठेवण्याच्या गोळ्या कोणाच्या चिठ्ठीवर सुरू झाल्या आणि त्यांचा फेरविचार कधी झाला, हे आवर्जून विचारावे. सगळे रहिवासी दुपारी चार वाजताही खुर्चीत माना टाकून बसलेले असतील, तर ती शांतता मला संशयास्पद वाटते.

दुसरी वस्तू वजनाची वही. दर महिन्याला वजन होत असेल आणि घट दिसताच आहारात बदल केल्याची नोंद असेल, तर तेथे कोणीतरी खरोखर लक्ष देत आहे असे समजावे. डिमेन्शियामध्ये माणूस जेवायला विसरतो, घास तोंडातच धरून ठेवतो, पाणी मागत नाही. ताट वाढले आणि ताट उचलले, याला जेवण झाले असे म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट त्वचेची. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते आणि त्याचा तक्ता पलंगाजवळ असतो. "तुमच्याकडे सध्या किती जणांना बेडसोअर आहेत आणि त्यांपैकी किती जणांना ते येथे आल्यावर झाले?" हा प्रश्न सरळ विचारावा. माकडहाडावरची त्वचा नुसती लाल झालेली असतानाच जी मावशी सिस्टरला हाक मारते, तिच्यामुळे पुढचे सहा महिन्यांचे ड्रेसिंग वाचते.

आंघोळीच्या पाण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आमच्याकडे टबात येणाऱ्या पाण्याचे तापमान 44 अंश सेल्सियसच्या वर जाऊ देत नाहीत, कारण म्हातारी त्वचा पातळ असते आणि भाजल्याची जाणीवही उशिरा होते. गीझरचे कढत पाणी बादलीत आधी सोडून मग गार पाणी मिसळण्याची आपल्याकडची पद्धत डिमेन्शियाच्या रुग्णासाठी धोक्याची आहे. गार पाणी आधी, हा नियम तेथील मावशींना माहीत आहे का ते विचारा.

आणि पलंगाच्या कठड्यांबद्दल. कठडे लावले की आई सुरक्षित, असे नातेवाइकांना वाटते. परंतु गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरू पाहतो आणि मग अधिक उंचीवरून पडतो. तुमच्या आईचे खुब्याचे ऑपरेशन झालेले आहे, म्हणून कमी उंचीचा पलंग, पायाशी मंद दिवा आणि स्वच्छतागृहापर्यंत सलग हातधरणी यांचा आग्रह धरा.

डोंबिवलीकर

वरील दोन्ही उत्तरे वाचून एवढेच जोडतो. माझे वडील एका केंद्रात (नाव लिहीत नाही) 11 महिने होते. एका सकाळी "बाबांना जरा मुका मार लागला आहे" असा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. ते किती वाजता पडले, कोणी पाहिले, डॉक्टरांना कधी कळवले, यांपैकी एकाही प्रश्नाचे लेखी उत्तर मला मिळाले नाही, कारण पडण्याची नोंदवहीच तेथे नव्हती. नंतर समजले की त्या रात्री दोन मजल्यांवरील 26 जणांसाठी एकच मदतनीस होता आणि तोही दिवसपाळी करून थांबलेला होता. प्रवेशाच्या वेळी आम्हाला सांगितलेले "सहा जणांमागे एक कर्मचारी" हे प्रमाण खोटे नव्हते, परंतु ते सकाळी अकराचे होते आणि त्यात स्वयंपाकी, माळी व ड्रायव्हरही मोजलेले होते. मी मूर्खासारखा बाग पाहून भाळलो होतो.

अनघा_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. डोंबिवलीकर, तुमचा अनुभव वाचून रात्री झोप लागली नाही, पण तो लिहिलात हे बरे केलेत. आणखी दोन शंका आहेत. आई घराबाहेर निघून जाईल या भीतीने दुसऱ्या केंद्रात खोलीला बाहेरून कडी घालतात, "गरज पडल्यास" हातही बांधतात आणि त्यासाठी प्रवेशाच्याच वेळी माझी सही मागतात. हे योग्य आहे का? तसेच करारनाम्यात अनामत रक्कम दोन लाख असून रहिवाशाचा मृत्यू झाल्यास किंवा केंद्र सोडल्यास ती "व्यवस्थापनाच्या विवेकानुसार" परत मिळेल असे लिहिले आहे.

निवृत्त_विश्वस्त

आधी सहीबद्दल. अशी आगाऊ, सरसकट संमती देऊ नका. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या संस्थेत शारीरिक बंधन घालायचे तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही उपाय उरलेला नसला पाहिजे, त्याला मनोविकारतज्ज्ञाची मान्यता हवी, त्याची नोंद झाली पाहिजे आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांच्या आत कळवले पाहिजे. केंद्र स्वतःला त्या कक्षेबाहेरचे समजत असले, तरी मोजपट्टी म्हणून हीच वापरावी. बाहेर भटकण्याची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय म्हणजे बंदिस्त अंगण, दाराला घंटी आणि माणूस. बाहेरून घातलेली कडी आगीच्या वेळी काय करील, हे वर लिहिलेच आहे.

अनामत रकमेच्या कलमातून "विवेकानुसार" हा शब्द काढून तेथे दिवस आणि कपातीचे कारण लिहून घ्यावे. त्याबरोबरच शुल्कवाढ वर्षाला किती टक्क्यांपर्यंत, डायपर आणि ड्रेसिंग शुल्कात धरले आहे की वेगळे, रुग्णालयात न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार आणि आजार वाढल्यास केंद्र किती दिवसांची सूचना देऊन आईला घरी न्यायला सांगू शकते, हेही लिखित हवे. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात; तुमच्या आईचा आजार वाढत जाणारा आहे. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि तेथे हा करारनामाच तुमचा पुरावा असतो. छळ किंवा हेळसांड झाल्याचे दिसले, तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनाशुल्क आहे.

आणि डोंबिवलीकर म्हणतात ते रात्रीचे प्रमाण स्वतः जाऊन मोजा. दिवसा दिसतो तो वृद्धाश्रमाचा पाहुणचार असतो.

अनघा_कोथरूड

काल रात्री पावणेनऊ वाजता भाऊ आणि मी न कळवता पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी फाटकच उघडले नाही. "नऊनंतर भेट नाही" असे सांगण्यात आले, तेव्हा आठ वाजून पन्नास मिनिटे झाली होती. तिसऱ्या ठिकाणी, त्या त्रासिक व्यवस्थापकांच्या केंद्रात, दार उघडले गेले. 18 रहिवाशांसाठी दोन मावशी आणि एक सिस्टर जागे होते. जुलैचे अग्निसुरक्षा प्रमाणपत्र होते, ऑक्सिजनचे सिलिंडर मात्र जिन्याखाली ठेवले होते. ते हलवायला सांगितले आहे. पडण्याची नोंदवही मागताच सिस्टरांनी ती कपाटातून काढून दिली. या महिन्यात दोन जण पडल्याची वेळेसह नोंद होती आणि दुसऱ्या नोंदीखाली "चप्पल बदलली, घरी कळवले" असे लिहिले होते. आईला तेथे 15 दिवस राहून पाहू द्यायचे ठरले आहे. अनामतीचे कलम बदलायला ते अजून तयार नाहीत, त्यावर सोमवारी पुन्हा बसणार आहोत.