पेठ तालुक्यातील माध्यमिक शाळेसाठी निधी : आधी इमारत की आधी शिक्षकांचा पगार?

धागा प्रवर्तक (गंगापूर रोड, नाशिक)

पेठ तालुक्यात, गुजरातच्या सीमेकडे, पाच-सहा पाडे मिळून एक ग्रामपंचायत आहे. तेथे जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत आहे. नववीसाठी सर्वांत जवळची शाळा दहा-बारा किलोमीटरवर असून वाटेतल्या ओढ्याचे पाणी पावसाळ्यात फरशी पुलावरून वाहते. गावात माध्यमिक शाळा व्हावी असा ठराव ग्रामसभेने केला आहे आणि इमारतीसाठी निधी उभा करून द्यावा, अशी विनंती नाशिकमधील आम्हा काही जणांकडे आली आहे. पत्रके छापायची, सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांना भेटायचे आणि वर्गखोल्या, प्रयोगशाळा व मुलींचे स्वच्छतागृह बांधून द्यायचे, असे बहुतेकांच्या मनात आहे.

माझे मत वेगळे आहे. इमारतीसाठी एक रुपयाही मागण्याआधी शिक्षकांच्या पाच वर्षांच्या पगाराची तरतूद झाली पाहिजे आणि ती होत नसेल तर आपण या कामात पडू नये.

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीतल्या मुलासाठी असा हक्क त्यात नाही. नव्या खासगी शाळेला परवानगी मिळते ती २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली, आणि नावातच सांगितल्याप्रमाणे अशा शाळेने शासनाच्या अनुदानाची अपेक्षा ठेवायची नसते. पालक भात, नागली आणि वरई पिकवणारे आहेत. त्यांच्याकडून फी घेण्याचा प्रश्नच नाही. नववी-दहावीचे सगळे विषय शिकवायला किमान पाच शिक्षक लागतील. महिना १५ हजार रुपये एवढेच मानधन धरले, जे बी.एड. झालेल्या माणसाला सांगतानाही संकोच वाटावा, तरी वर्षाचे ९ लाख होतात. हे पैसे ठेवीच्या व्याजातून काढायचे तर ७ टक्के दराने सुमारे १ कोटी २९ लाखांची ठेव लागेल. पत्रकावर मात्र खोल्यांचा नकाशा आहे आणि या खर्चाचा एका ओळीनेही उल्लेख नाही.

निवृत्त मुख्याध्यापक (दिंडोरी)

आपला हिशेब बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

या जिल्ह्यातले शिक्षण हिशेब पूर्ण जुळल्यावर सुरू झालेले नाही. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ मध्ये उभा राहिला तेव्हा आजच्या पसाऱ्याची तरतूद कोणाच्या गाठीशी नव्हती. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे घराघरांतून मूठ-मूठ धान्य बाजूला काढायला लावून मुष्टिफंड उभारला. डांग सेवा मंडळाने पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात काम सुरू केले तेव्हा तिकडे धड रस्तेही नव्हते. आधी संस्था उभी राहिली, लोकांना ती आपली वाटली आणि मग पैसा येत गेला.

दुसरे असे की, पगारासाठी देणगी मागून पाहा. मी माझ्या शाळेसाठी अनेक वर्षे पावतीपुस्तक घेऊन फिरलो आहे. आईच्या स्मरणार्थ खोली बांधून देणारा माणूस भेटतो. गणिताच्या शिक्षकाचा फेब्रुवारीचा पगार देणारा भेटत नाही. देणाऱ्याला आपला पैसा डोळ्यांनी पाहायचा असतो आणि त्यात गैर काही नाही.

तिसरी अडचण मान्यतेची आहे. पुरेशा खोल्या, प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृह दाखवल्याशिवाय मान्यता मिळत नाही आणि मान्यता नसलेल्या शाळेतून मूल नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसू शकत नाही. त्याला बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. समाजमंदिरात वर्ग भरवून चांगले शिक्षक नेमलेत, तरी शेवटी मुलांच्या हातात १७ नंबरचाच फॉर्म देणार आहात काय?

सनदी लेखापाल (कॉलेज रोड)

पैशाच्या वाटांबद्दल थोडे सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. परंतु त्यात बहुवर्षीय प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे चालवता येतो. त्यामुळे कंपन्या खोल्या, बाके, संगणक देतात आणि पगाराची गोष्ट निघाली की हात आखडता घेतात. मुख्याध्यापकांचा अनुभव केवळ देणगीदारांच्या मनाशी संबंधित नाही, तर नियमही त्याच बाजूला झुकलेले आहेत.

जागेचा विचार मात्र कोणीच केलेला दिसत नाही. गावातला एखादा आदिवासी शेतकरी शाळेसाठी जमीन बक्षीसपत्राने देतो म्हणाला, तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ मुळे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगरआदिवासीकडे जात नाही. ही मंजुरी हातात येण्याआधी पाया खोदू नये. परदेशातील नातेवाइकांकडून पैसे मागवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही, पण नागरिकत्व बदललेल्या भावाची मानली जाते आणि त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते.

शिक्षक (सुरगाणा)

मी या संपूर्ण मोहिमेच्याच विरोधात आहे. २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने वस्तीपासून ५ किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी, असा निकष ठरवला होता. तो निकष येथे पाळला गेलेला नाही, तेव्हा त्याचा जाब विचारायचा की वर्गणी काढून ती उणीव झाकायची? जिल्हा परिषदांच्या माध्यमिक शाळा मराठवाड्यात आजही चालतात, मग याच गावातल्या आठवीच्या शाळेला नववी-दहावीचे वर्ग जोडून मागायला काय हरकत आहे? शिक्षक शासनाचे असतील, पगार शासन देईल.

बांधकामाचे मार्गही आहेत. हे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्र असल्यामुळे पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि तो शिक्षणावर खर्च करता येतो. वनजमीन लागली तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार, ग्रामसभेची शिफारस असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटणार नसतील, तर शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा मिळू शकते. ज्या ग्रामसभेला कायद्याने एवढे अधिकार दिले आहेत, तिला आपण नाशिकच्या दात्यांसमोर हात पसरायला शिकवत आहोत.

विनाअनुदानित शाळांचे काय झाले तेही मी जवळून पाहिले आहे. २००१ च्या सुमारास ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानग्या वाटल्या गेल्या, २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला आणि त्यानंतर २० टक्के अनुदानाच्या टप्प्यासाठी शिक्षकांनी आझाद मैदानावर किती वर्षे बसून काढली! माझे सहकारी सकाळी शाळेत शिकवून दुपारनंतर रोजंदारीवर जात. ती वेळ आणखी पाच जणांवर आणू नका.

निवृत्त मुख्याध्यापक (दिंडोरी)

जाब जरूर विचारा, मीही सही करीन. पण प्रस्ताव पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत आणि तेथून मंत्रालयात जाईपर्यंत आज आठवीत असलेल्या मुलींची लग्ने झालेली असतील.

परिचारिका, मूळ गाव पेठ तालुका (पंचवटी)

मी त्याच पट्ट्यातली आहे. वरची चर्चा वाचून मला असे वाटते की, मूल शाळेतून का सुटते हे नीट पाहिल्याशिवाय निधी कशासाठी मागायचा हे ठरत आहे.

दिवाळी झाली की आमच्या पाड्यातली घरे एकामागून एक बंद होतात. माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, काही वीटभट्ट्यांवर जातात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी सोबत न्यावीच लागते, कारण तिला एकटी मागे ठेवण्याची आईची छाती होत नाही आणि बागेवर धाकट्या भावंडांना सांभाळायलाही कोणीतरी हवे असते. पुढे थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला), डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवायला) तिचाही हात लागतो आणि ठेकेदार तिची मजुरी आईच्या हिशेबात धरतो. ती शिमग्याला परत येते तोवर वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते. गावात कितीही चांगली इमारत बांधलीत, पाचही शिक्षक वेळेवर हजर राहिले, तरी नोव्हेंबर ते मार्च वर्गात बसायला मुली कुठून आणणार?

मी शिकले ती आश्रमशाळेत राहून. तेथे चाळीस जणींना मिळून दोन नळ होते, ताप आला तरी पत्र्याच्या पेटीला टेकून बसायचे आणि घरी निरोप जायला आठवडा लागायचा. माझी धाकटी बहीण त्या अनुभवाला घाबरून नववीला गेलीच नाही. बससाठीही प्रयत्न झाले. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाची, शाळकरी मुलींसाठीची निळी बस फाट्यापर्यंत येते, पण फाटा पाड्यापासून तासाभराच्या चालीवर आहे आणि आषाढ-श्रावणात त्या वाटेवर मुलीला एकटी सोडायला कोणी तयार होत नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे की, पैसे गोळा करायचेच असतील तर गावातच, गावातल्या बाईच्या देखरेखीखाली, स्थलांतराच्या पाच महिन्यांसाठी मुलींच्या राहण्याजेवणाची सोय करा. एखादी वयस्क आजी आणि स्वयंपाकाला दोन बाया असल्या की आई मुलीला मागे ठेवते. हे मी आमच्याच घरांविषयी सांगते आहे.

धागा प्रवर्तक (गंगापूर रोड, नाशिक)

परिचारिका ताईंच्या प्रतिसादामुळे माझ्या मागणीत एक भर पडते. पगाराच्या तरतुदीइतकाच स्थलांतराच्या काळातल्या निवासाचा खर्चही आधी बाजूला काढला पाहिजे, कारण तोही दरवर्षी लागणारा आहे आणि तोही कोणत्या फलकावर दिसणार नाही.

सुरगाण्याच्या सरांचा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. ग्रामसभेने आपल्या ठरावात नववी-दहावीचे वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळेला जोडावेत अशी नेमकी मागणी घालावी आणि तो प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे जाऊन त्याची पोच मिळेपर्यंत नाशिकमध्ये इमारतीच्या नावाने पैसे घेऊ नयेत. वर्ग मंजूर झाले तर १७ नंबरच्या फॉर्मची भीती राहत नाही. शिवाय जिल्हा परिषदेच्या जागेवर खोली बांधून देण्यात कलम ३६अ चा अडसरही येत नाही. मुख्याध्यापकांचा वेळेचा मुद्दा खरा आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच की, मधल्या काळात गावातल्या निवासावर आणि मुलींना सध्याच्या माध्यमिक शाळेपर्यंत नेणाऱ्या जीपगाडीवर खर्च करावा. तो निधी याच जूनपासून मुलींच्या उपयोगी पडेल.

निवृत्त मुख्याध्यापक (दिंडोरी)

जीपगाडीसाठी आणि निवासासाठी माझी वर्गणी घ्या. परंतु पोच मिळेपर्यंत इमारतीचे पावतीपुस्तक बंद ठेवावे, हे मला मान्य नाही. उद्या वर्ग मंजूर झाले आणि खोल्या नाहीत म्हणून ते परत गेले, तर गावाला काय सांगणार? जागेची मंजुरी येईपर्यंत तो पैसा वेगळ्या खात्यात राहू द्या, त्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवा, पण तो गोळा करणे थांबवू नका.