प्रतिसाद: थाई करी गोडच असते?

'थाई जेवण मुळात गोडच, आपल्या जिभेला सवय नाही' हे हॉटेलातल्या थाई करीबद्दलच्या वरच्या लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. थाई ग्रीन करीच्या नावातला 'वान' म्हणजे गोड हे खरं, पण ते विशेषण हिरव्या रंगाच्या मऊ छटेला आहे, साखरेला नाही. नारळाच्या दुधाचा अंगचा गोडवा आणि फार तर थोडा ताडगूळ, तेवढाच. मागच्या महिन्यात त्याच हॉटेलात गेलो होतो, तेव्हा आलेली वाटी म्हणजे कॉर्नफ्लोअर घालून दाट केलेली बासुंदी. वर कोथिंबीर! वाढणाऱ्या पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सर, इथे लोकांना असंच आवडतं."

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. दर दोन घासांनी तोंडात गवताचे धागे येत होते. करीत गवती चहाची पाती कापून टाकली होती. आपण चहात घालतो ती पात करीच्या वाटणात चालत नाही. त्याला बुंध्याचा जाड, पांढरट भाग लागतो, तोही ठेचून. गलांगलच्या जागी आलं होतं. गलांगल म्हणजे आपलं कोष्टकोलिंजन, दिसायला आल्यासारखं, पण त्याचा वास आल्याला कुठून येणार? आणि शाकाहारी मंडळींनो, करी मागवण्याआधी एक विचारून घ्या. तयार करी पेस्टमध्ये बहुतेकदा आंबवलेली कोळंबी असते. मी विचारलं तेव्हा पोऱ्या आत जाऊन आला आणि "पाकिटावर थाईमध्ये लिहिलंय" एवढंच म्हणाला. बायकोने निमूटपणे साधा भात मागवला.