मास्टोडॉनवरील शांतता आणि भाषेची खूण

मास्टोडॉन या समाजमाध्यमावर नव्या माणसाला पहिले काही आठवडे भिंतीशी बोलल्यासारखे वाटते, कारण कोणाचेच उत्तर येत नाही, असे म्हणतात; हा अनुभव माझाही आहे. मात्र मराठी माणसे तिथे थोडी आहेत एवढेच त्याचे कारण नसावे. तिथे नोंदी कालक्रमाने दिसतात आणि अनोळखी लेखन आपल्यापुढे आपोआप आणले जात नाही, त्यामुळे हॅशटॅग न देता लिहिलेली नोंद सहसा कोणाला सापडत नाही.

यात भाषेचाही एक मुद्दा आहे. आम्ही बेळगावजवळच्या खानापूरकडची माणसे घरी मराठी आणि कचेरीत कन्नड बोलतो, आणि मी दोन्ही भाषांत लिहितो. प्रत्येक नोंदीला भाषेची खूण लावता येते हे मला बरेच उशिरा कळले. तोवर माझे सगळे मराठी लेखन इंग्रजी म्हणून नोंदले जात होते, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकत्र दिसणाऱ्या सार्वजनिक प्रवाहात केवळ मराठी निवडणाऱ्यांना ते दिसतच नव्हते. शिवाय एखाद्याचे अनुसरण करताना त्याच्या फक्त ठरावीक भाषेतील नोंदी पाहण्याची सोयही तिथे आहे. माझ्या धारवाडच्या मित्राने माझ्यापुरती कन्नड निवडली आहे, पुण्याच्या बहिणीने मराठी, आणि दोन खाती सांभाळण्याची मला गरज उरलेली नाही. सीमाभागातल्या माणसाला ही सोय फार मोलाची वाटते.