फी भरली, पण पहिलं सत्र?

फी माफ झाली की गरीब घरातली मुलं इंजिनीअर होतात, हे वरच्या प्रतिसादातलं म्हणणं मला अर्धंच पटतं. शिष्यवृत्तीचं मोल आम्हा बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर. पण याच महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तेव्हा ती उभारणाऱ्या प्रा. गज्जरांचा आग्रह होता की तंत्रशिक्षण मुलांच्या भाषेतून मिळावं. आज त्याच वास्तूत इंजिनीअरिंग इंग्रजीतून शिकवतात, आणि खरी गळती तिथे सुरू होते.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी रविवारी गणित शिकवते. जवळच्या पादरा गावाहून येणारी एक मुलगी बारावीपर्यंत गुजराती माध्यमात होती. गुजरातीत 'संकलन' म्हटलं की पटापट सोडवायची, त्यालाच इंग्रजीत 'इंटिग्रेशन' म्हटलं की गप्प! वर्गात विचारायची तिला भीती वाटे, बाकी सगळ्यांना येतंच असं तिला वाटायचं. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. शिवाय प्रॅक्टिकल संपलं की बस गाठायची, म्हणजे ग्रंथालयही हातचं गेलं.

तिला सावरलं ते तिच्यासारख्याच घरातून आलेल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने. दोघी आठवड्यातून दोनदा जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायच्या, गुजरातीतून समजून घ्यायच्या आणि इंग्रजीत लिहायच्या. पुढच्या परीक्षेत दोन्ही विषय सुटले.

म्हणून माझं सांगणं, पैशांबरोबर अशा जोड्या पहिल्याच महिन्यात लावून द्या, निकाल लागल्यावर नको. आणि बसच्या पासाचे पैसेही त्यात धरा.